फेडरल ड्रग प्रकरणातल्या शिक्षेवर अपील: पहिल्या १४ दिवसांपासून पुढे

शिक्षा सुनावली की त्याच रात्री भारतातून फोन येतो. तिकडे सकाळ झालेली असते, रात्रभर घरात कुणी झोपलेलं नसतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अपिलाला दोन महिने असतात ना? तोवर चांगला वकील बघतो." भारतात सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला ६० दिवस मिळतात आणि उशीर झालाच तर तो माफ करून घेण्याचा अर्ज करता येतो, हे त्यांना ओळखीच्या कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खरंही आहे. पण मुलाचा खटला अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात चाललाय, आणि इथे मुदत १४ दिवसांची आहे.

मी न्यू जर्सीत फौजदारी वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करते. मी वकील नाही, आणि हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण आपल्या लोकांच्या त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो, कारण त्यातल्या बहुतेक कायद्याच्या नसतातच, त्या क्रमाच्या असतात. आधी करायचं ते मागे राहतं आणि नंतर करायचं ते घाईने उरकलं जातं. म्हणून पायऱ्या ओळीने सांगते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. अपील म्हणजे पुन्हा खटला नव्हे. भारतात अपिलाचं कोर्ट पुरावा नव्याने तपासू शकतं. इथे वरच्या कोर्टात नवा साक्षीदार येत नाही, नवं कागदपत्र येत नाही, मुलगा किती गुणी आहे हेही कुणी ऐकत नाही. खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये जे आहे तेवढंच तीन न्यायाधीश वाचतात आणि एकच प्रश्न विचारतात : खालच्या न्यायाधीशाची कायद्याने चूक झाली का?

१. पहिले १४ दिवस : नोटीस ऑफ अपील

हा एका पानाचा कागद असतो. आरोपीचं नाव, केस नंबर, कोणत्या निकालावर अपील आहे आणि ते कोणत्या सर्किट कोर्टात, म्हणजे वरच्या अपिलाच्या कोर्टात, जातंय, बस. त्यात कारणं लिहायची नसतात. हा कागद ज्या डिस्ट्रिक्ट कोर्टाने शिक्षा दिली तिथेच दाखल होतो, वरच्या कोर्टात नाही.

१४ दिवस मोजायचे ते लेखी निकालपत्र कोर्टाच्या डॉकेटवर, म्हणजे खटल्याच्या नोंदवहीत, चढल्याच्या तारखेपासून. शिक्षा सोमवारी सुनावली आणि निकालपत्र गुरुवारी चढलं, तर मोजणी गुरुवारपासून. शनिवार-रविवारही धरायचे, फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढचा कामाचा दिवस. पण असली बारीक मोजणी करत बसूच नका. शिक्षा सुनावल्याबरोबर, निकालपत्र चढायच्या आधी नोटीस दिली तरी ती चालते.

अपील करायचं की नाही हे आरोपीने ठरवायचं असतं. वकिलाने नाही, आईवडिलांनी नाही, बायकोनेही नाही. घरच्यांनी वकिलाला सांगितलं आणि आरोपी गप्प राहिला, तर पुढे "सांगितलं होतं" हे सिद्ध करणं फार कठीण जातं. त्यामुळे आरोपीने स्वतः, शक्य तर लेखी, वकिलाला सांगावं : "माझ्यासाठी नोटीस ऑफ अपील दाखल करा." एवढं वाक्य आणि तारीख पुरते. कोर्टात शिक्षा सुनावल्यावर तिथेच विनंती केली, तर क्लार्कला त्याच्या वतीने नोटीस दाखल करावी लागते.

आरोपी तुरुंगातून स्वतः पाठवत असेल तर त्याच्यासाठी वेगळा नियम आहे. कागद मुदतीच्या आत तुरुंगाच्या कायदेशीर टपालात दिला असेल, तर कोर्टात उशिरा पोचला तरी वेळेत धरतात. सोबत कोणत्या तारखेला टपालात दिलं आणि तिकीट लावलं होतं, याचं सहीचं निवेदन जोडायचं. कैदी हेच विसरतात.

इशारा : निकालातली ढोबळ चूक सुधारायचा अर्ज डिस्ट्रिक्ट कोर्टात दिला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. दोन्ही घड्याळं वेगवेगळी चालतात.

मुदत टळलीच, तर सबळ कारण दाखवून डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून जास्तीत जास्त ३० दिवस वाढवून मिळू शकतात, पण त्यावर विसंबू नका. आरोपीने स्पष्ट सांगूनही वकिलाने नोटीस दिली नाही, तर वेगळा मार्ग उरतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली गार्झा खटल्यात सांगितलं की अशा वेळी अपिलाचा हक्क परत मिळू शकतो, आरोपीने अपील सोडल्याची सही केली असली तरी. मात्र तो मार्ग लांबचा आहे आणि त्यासाठी त्या लेखी वाक्याचा पुरावा लागतो.

तपासा : डॉकेटवर नोटीस दिसते का? पेसर नावाची सरकारी वेबसाइट आहे, पानाला १० सेंट लागतात, आणि तिमाहीचा खर्च ३० डॉलरच्या आत राहिला तर पैसे घेतच नाहीत. पुण्यात बसूनही ते पाहता येतं. वकिलाच्या "झालंय" या शब्दावर थांबू नका, नोंद डोळ्यांनी पाहा.

२. वकील आणि पैसे

इथे कुटुंबं उलट क्रमाने चालतात. आधी महिनाभर वकील शोधतात, मग नोटीस. नोटीस जुन्याच वकिलाकडून द्या, नवा नंतर आणा. खालच्या कोर्टातल्या वकिलाची जबाबदारी शिक्षेबरोबर संपत नाही. वरचं कोर्ट मोकळं करेपर्यंत त्याला काम बघावं लागतं.

अपिलाची फी ६०५ डॉलर आहे. कोर्टाने नेमलेला वकील असेल तर ती आधी भरावी लागत नाही, आणि पैसे संपलेल्या कुटुंबाने अपिलासाठीही कोर्टाचा वकील मागावा. घर गहाण टाकण्याआधी हे विचारा. कोर्टाने नेमलेला म्हणजे कच्चा, ही समजूत मुळीच खरी नाही. फेडरल डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी पगारावरच्या बचाव वकिलांच्या, ऑफिसात कित्येकदा अपिलांचाच अभ्यास असलेले लोक असतात. खाजगी वकील घ्यायचा असेल तर एकच प्रश्न विचारा : "या सर्किटमध्ये शिक्षेवरची किती अपिलं तुम्ही स्वतः लिहिली?" साक्षीदाराला घाम फोडणारा वकील चांगलं ब्रीफ, म्हणजे अपिलातलं लेखी म्हणणं, लिहीलच असं नाही.

सर्किट राज्यावरून ठरतं. न्यू जर्सीचं अपील फिलाडेल्फियाला थर्ड सर्किटमध्ये, टेक्सासचं न्यू ऑर्लिन्सला फिफ्थमध्ये, कॅलिफोर्नियाचं सॅन फ्रान्सिस्कोला नाइन्थमध्ये जातं. प्रत्येक सर्किटचे जुने निकाल वेगळे, त्यामुळे टेक्सासमधल्या मित्राच्या केसमध्ये काय झालं त्यावरून न्यू जर्सीतलं काही ठरत नाही.

३. प्ली ॲग्रीमेंट ओळ न ओळ वाचा

फेडरल ड्रग खटले बहुतेक कबुलीवर संपतात, आणि कबुलीच्या करारात बहुधा एक परिच्छेद असतो : आरोपी अपिलाचा हक्क सोडत आहे. घरचे म्हणतात, मग संपलं सगळं. काही आरोपी म्हणतात, सही काय, करू अपील तरी. दोघंही तो परिच्छेद वाचत नाहीत.

तो वाचा. काही करारांत हक्क पूर्ण सोडलेला असतो. काहींत ठरावीक महिन्यांपेक्षा किंवा ठरावीक गाइडलाइन लेव्हलपेक्षा जास्त शिक्षा झाली तर अपिलाची मुभा ठेवलेली असते (गाइडलाइन्स म्हणजे शिक्षा मोजायची फेडरल नियमावली, लेव्हल म्हणजे तिच्यातली गुन्ह्याची पायरी). कायद्याने ठरवलेल्या कमाल शिक्षेपलीकडे न्यायाधीश गेला, तर सोडलेला हक्कही सहसा आड येत नाही.

इशारा : करार मोडून केलेलं अपील फुकट नसतं. आरोपीने सरकारला सहकार्य करून शिक्षेत सूट मिळवली असेल, तर ती सूट धोक्यात येऊ शकते. थर्ड सर्किटने २०१४ साली नेमक्या अशाच प्रकरणात शिक्षा रद्द करून फेरसुनावणीला पाठवली आणि सूट मागण्याच्या बांधिलकीतून सरकारला मोकळं केलं. नोटीस वेळेत द्या, पण ब्रीफ लिहायच्या आधी या परिच्छेदावर वकिलाशी निवांत बसून बोला. नको वाटलं तर अपील नंतर मागे घेता येतं.

४. ट्रान्सक्रिप्ट मागवा

नोटीस दिल्यापासून आणखी १४ दिवसांत ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सुनावणीत बोललेल्या शब्दांच्या लेखी नोंदीची, मागणी नोंदवावी लागते. कोर्ट रिपोर्टर आपोआप काही पाठवत नाही. शिक्षेच्या सुनावणीची हवीच, शिवाय कबुलीच्या सुनावणीची. खटला चालला असेल तर त्याचीही. पैसे नसतील तर सरकारी खर्चाने मिळण्याचा फॉर्म वेगळा असतो, तो कोर्टाने नेमलेला वकील भरतो.

यासोबत दोन कागद हवेत. एक, प्रीसेन्टेन्स रिपोर्ट, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरने शिक्षेआधी बनवलेला अहवाल, त्यावर आरोपीने घेतलेल्या लेखी हरकतींसकट. दुसरा, न्यायाधीशाने शिक्षेची कारणं नोंदवलेला फॉर्म. हे दोन्ही सीलबंद असतात, पेसरवर दिसत नाहीत, वकिलामार्फतच मिळतात.

इशारा : प्रीसेन्टेन्स रिपोर्टची प्रत तुरुंगात पाठवू नका. फेडरल तुरुंगात बंद्याला ती जवळ बाळगायला बंदी आहे, आणि त्याला कारण आहे. कुणी सरकारला माहिती दिली ते त्यात लिहिलेलं असतं, आणि आतले लोक नव्या बंद्याला कागद दाखवायला सांगतात. एका आईने मुलाला वाचायला सोपं जावं म्हणून त्या अहवालाची पानं टाइप करून पत्रात घातली होती. ती पोचायच्या आत पाकीट थांबवायला आम्हाला दोन दिवस फोन करावे लागले.

५. चूक शोधा : खरं काम इथे आहे

शिक्षा जड वाटते, हे अपिलाचं कारण फार कमी वेळा टिकतं. २००५ पासून गाइडलाइन्स सल्ल्यापुरत्या आहेत, आणि गाइडलाइनच्या रेंजमधली शिक्षा बऱ्याच सर्किटांत योग्यच धरून चालतात. टिकतं ते हिशेबातली चूक. म्हणून ट्रान्सक्रिप्ट आणि अहवाल शेजारी ठेवून हिशेब स्वतः मांडा.

एक उदाहरण घेते. समजा २.२ किलो कोकेन, आधीचा एकच किरकोळ गुन्हा (गाइडलाइनच्या हिशेबात १ पॉइंट), हा गुन्हा कबूल केलेला. गाइडलाइनच्या तक्त्यात २ ते ३.५ किलोला लेव्हल २६. घराच्या कपाटात पिस्तूल सापडलं म्हणून २ वाढल्या, झाल्या २८. कबुलीच्या ३ वजा, उरल्या २५. शिक्षेच्या तक्त्यात, आधीची नोंद नसल्यातजमा असलेल्यांच्या पहिल्या रकान्यात, २५ समोर ५७ ते ७१ महिने लिहिलंय. पण ५०० ग्रॅम किंवा जास्त कोकेनला कायद्यानेच किमान ५ वर्षं आहेत, म्हणून प्रत्यक्षात रेंज ६० ते ७१.

आता समजा पिस्तुलाच्या दोन लेव्हल अपिलात उडाल्या. लेव्हल २३, म्हणजे ४६ ते ५७ महिने. घरचे पेढे आणायला निघतात. पण किमान ६० महिन्यांची पायरी तिथेच आहे. आधी ७१ दिले असतील तर ११ महिने वाचले, आधीच ६० दिले असतील तर काहीच नाही.

या उदाहरणात खरा दरवाजा सेफ्टी व्हॉल्व्ह नावाच्या तरतुदीचा आहे. ती लागू झाली तर न्यायाधीश किमान शिक्षेखाली जाऊ शकतो, आणि गाइडलाइनमध्ये आणखी २ लेव्हल कमी होतात. मग लेव्हल २१, म्हणजे ३७ ते ४६ महिने. तिच्या अटी पाच : आधीच्या गुन्ह्यांची नोंद मर्यादित हवी, हिंसा किंवा गुन्ह्याशी जोडलेलं हत्यार नको, कुणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा नको, टोळीचा म्होरक्या नको, आणि शिक्षेच्या सुनावणीपर्यंत आरोपीने गुन्ह्याबद्दल त्याला माहीत असलेलं सगळं सरकारला खरं खरं सांगितलेलं हवं. पिस्तुलाचा मुद्दा जिंकला तर दुसऱ्या अटीची वाट मोकळी होऊ शकते. पण आरोपी सरकारसमोर बसलाच नसेल, तर पाचवीवर अडतं. आधीच्या नोंदीच्या तीन कसोट्या आहेत आणि त्यातल्या कुठल्याही एकीत अडकलं तरी तरतूद मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ साली पल्सिफर खटल्यात ठरवलं. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला विचारा : हा जिंकला तर नेमके किती महिने कमी होतील?

जिथे चुका जास्त सापडतात त्या जागा अशा. पहिली, वजन. कटाच्या खटल्यात दुसऱ्यांचा मालही आरोपीच्या खाती टाकतात, पण त्यासाठी तो माल त्याने मिळून हाती घेतलेल्या कामातला आणि त्याला आधी कल्पना येण्यासारखा असावा लागतो. न्यायाधीशाने तसं ठरवलं का, की अहवालातला आकडा उचलला? दुसरी, मेथॲम्फेटामीनची शुद्धता. शुद्ध ५० ग्रॅम आणि मिश्र ५०० ग्रॅम, दोन्हींना किमान १० वर्षं, तेव्हा लॅबचा रिपोर्ट आहे की अंदाज? तिसरी, किमान शिक्षा वाढवणारी बाब (आधीच्या गुन्ह्याची शिक्षा सोडून). ती ज्युरीने ठरवलेली किंवा आरोपीने कबूल केलेली हवी, न्यायाधीशाने एकट्याने ठरवलेली चालत नाही, हे २०१३ पासून पक्कं आहे. चौथी, मृत्यूमुळे वाढलेली शिक्षा. त्या मालाशिवाय मृत्यू झाला नसता हे सिद्ध व्हावं लागतं, नुसता हातभार लागला एवढं पुरत नाही. आणि जुन्या गुन्ह्यांवरून करिअर ऑफेंडर, म्हणजे सराईत गुन्हेगार, ठरवलं असेल तर त्या जुन्या गुन्ह्यांची कलमं शब्दाशब्दाने जुळवा. माझ्या मते सगळ्यात कमी तपासली जाणारी जागा हीच.

मग पाहा, वकिलाने त्यावेळी हरकत घेतली होती का. घेतली असेल आणि न्यायाधीशाने ती फेटाळली असेल, तर मुद्दा जिवंत आहे. नसेल, तर वरचं कोर्ट फक्त उघड, स्पष्ट आणि निकालावर परिणाम करणारी चूकच बघतं. तो उंबरठा फार उंच आहे. "कमी शिक्षा द्या" एवढी मागणी केली असेल तर शिक्षेच्या लांबीवरची हरकत जिवंत राहते, हे २०२० साली सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. पण गाइडलाइनच्या हिशेबावरची हरकत नेमकी घ्यावी लागते.

तपासा : ट्रान्सक्रिप्टची शेवटची पाच-सहा पानं वाचा. "हिशेबात मी चुकलो असलो तरी मी हीच शिक्षा दिली असती," असं वाक्य न्यायाधीशाने उच्चारलं असेल तर सरकार त्याचाच आधार घेऊन म्हणेल, चूक असली तरी फरक पडत नाही. त्या वाक्याचं उत्तर पहिल्याच ब्रीफमध्ये हवं.

६. ब्रीफ

रेकॉर्ड तयार झाल्यावर ४० दिवसांत आरोपीचं ब्रीफ, मग ३० दिवसांत सरकारचं, मग २१ दिवसांत प्रत्युत्तर. सर्किट आपलं वेगळं वेळापत्रक देऊ शकतं, ते आलं की तेच पाळायचं. मुख्य ब्रीफला १३,००० शब्दांची मर्यादा आहे.

कुटुंबाचा आग्रह असतो की बारा मुद्दे घाला, एखादा तरी लागेल. उलट होतं. दहा हलक्या मुद्द्यांत दोन भारी मुद्दे बुडतात. पहिल्या ब्रीफमध्ये न घेतलेला मुद्दा प्रत्युत्तरात नव्याने घेता येत नाही, त्यामुळे निवड आधीच करा.

वकील चांगला नव्हता, ही तक्रार इथे आणू नका. तिला लागणारा पुरावा रेकॉर्डबाहेर असतो. तिची जागा पुढे आहे. नेमलेल्या वकिलाने "मांडण्याजोगा एकही मुद्दा नाही" असं ब्रीफ देऊन मोकळं होण्याची परवानगी मागितली, तर घाबरू नका, पण स्वस्थही बसू नका. आरोपीला स्वतःचं उत्तर द्यायची संधी मिळते, तिची तारीख पाळा.

७. वाट बघताना

हे महिने लांबतात, कधी वर्षावर जातात. जामिनाची आशा धरू नका. ज्या ड्रग गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षं किंवा त्याहून जास्त आहे, त्यात अपील चालू असताना बाहेर राहायला मिळणं फार अपवादात्मक आहे.

तुरुंगाचे फोन रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललो म्हणून काही लपत नाही. प्रकरणाबद्दल एक शब्दही फोनवर नको. आईची तब्येत, भाऊबीजेला कोण आलं, एवढंच बोला. न्यायाधीशांना विनंतीची पत्रं पाठवू नका. शिक्षेआधी त्यांना अर्थ होता, आता वरचं कोर्ट ती वाचणार नाही.

मुलगा अमेरिकन नागरिक नसेल तर इमिग्रेशनचा वकील आत्ताच गाठा. ग्रीन कार्ड असलं तरी ड्रग विक्रीच्या गुन्ह्यात देशाबाहेर काढण्याची कारवाई जवळपास ठरलेली असते, आणि फक्त शिक्षा कमी झाली तर गुन्हा पुसला जात नाही.

८. निकालानंतर

जिंकलात तर बहुधा प्रकरण पुन्हा खालच्या न्यायाधीशाकडे शिक्षेसाठी जातं. मुलगा त्या दिवशी घरी येत नाही. सरकारने स्वतः अपील केलं नसेल तर वरचं कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही, पण परत गेल्यावर न्यायाधीश सगळं नव्याने तोलू शकतो. तुरुंगातले कोर्स, काम, चांगली वागणूक हे सगळं तेव्हा कामी येतं. प्रमाणपत्रं जपून ठेवा.

हरलात तर तीन तारखा. फेरविचाराची मागणी १४ दिवसांत. सुप्रीम कोर्टाकडे अर्ज ९० दिवसांत, आणि हे ९० दिवस वरच्या कोर्टाच्या निकालापासून किंवा फेरविचार नाकारल्यापासून मोजतात. नंतर निघणाऱ्या मँडेट नावाच्या आदेशापासून नाही. पुष्कळजण तिथेच फसतात. तिसरी, वकिलाच्या चुकीसकट रेकॉर्डबाहेरच्या मुद्द्यांचा अर्ज, सेक्शन २२५५ खाली, शिक्षा अंतिम झाल्यापासून १ वर्षात. सुप्रीम कोर्टात गेलाच नाहीत, तर ते वर्ष वरचे ९० दिवस संपल्यावर सुरू होतं. असा अर्ज खऱ्या अर्थाने एकदाच मिळतो, दुसऱ्याला सर्किटची परवानगी लागते, आणि ती क्वचितच मिळते.

म्हणून निकालाचा ईमेल आला की आधी तिन्ही तारखा मोजा, १४ व्या दिवसाची, ९० व्या दिवसाची आणि त्यापुढच्या एका वर्षाची. त्या इथल्या आणि तिकडच्या, दोन्ही घरांतल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा, आणि पत्राने मुलालाही कळवा.